मोअरचे इंजिन उतरवताना ब्रेक विसरू नका

अमेरिकेच्या उपनगरांत उन्हाळ्यातली शनिवारची सकाळ एका ठरलेल्या आवाजाने उगवते. घरापुढची हिरवळ कापणाऱ्या पेट्रोल मोअरचा तो आवाज. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे काम चुकत नाही. गवत हाताबाहेर गेले, तर अनेक गावांत नगरपालिकेची नोटीस येते. या यंत्राचे एक दुखणेही ठरलेले. हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट होते, कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात आणि वसंतात दोरी कितीही ओढली तरी इंजिन दाद देत नाही. पत्रा, चाके, दांडा मात्र धडधाकट असतात. मग हौशी माणसाच्या मनात येते, की इंजिन काढून त्या जागी विजेची मोटर बसवली तर?

आरोग्याच्या दृष्टीने हा विचार चांगलाच आहे. मोटारगाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या छोट्या इंजिनांत सहसा नसते. कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि अर्धवट जळलेले पेट्रोल थेट मागे चालणाऱ्याच्या नाकाशी येते. व्यावसायिक मोअर तासभर चालवला, तर धुरके तयार करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे नवी मोटारगाडी सुमारे ४८० किलोमीटर चालवल्यावर होते, असा कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचा हिशेब आहे. त्या राज्याने २०२४पासून अशा नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, ती यामुळेच.

दुसरा प्रश्न कानांचा. पेट्रोल मोअरचा आवाज साधारण ८० ते १०० डेसिबलच्या पट्ट्यात असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. मोटर बसवल्यावर इंजिनाची धडधड जाते, पात्याचा घोंघावणारा आवाज तेवढा उरतो.

कल्पना नवी नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९मध्येच ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा बॅटरीवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. नव्या बॅटऱ्या घालून त्यातले काही हौशी लोकांनी अजूनही चालते ठेवले आहेत.

घरी करायचे काम वरवर सोपे दिसते. मोकळ्या हवेत पेट्रोल आणि ऑइल पूर्ण काढायचे, इंजिनाचे बोल्ट सोडवायचे, त्या जागी जाड पत्र्याची पट्टी बसवून उभ्या दांड्याची मोटर लावायची आणि खाली पाते कसायचे. खरी मेख आहे ती पात्याच्या वेगात. २१ इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने फिरत असते. प्रत्येक व्होल्टला १०० फेरे देणारी मोटर ४८ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडली, तर बिनभाराने फेरे होतात ४,८००. वेग दीडपटीहून थोडा अधिक, पण पात्यातली ऊर्जा अडीचपट. दगडाला धडकून पात्याचा तुकडा उडाला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो. म्हणून मोटर निवडताना ताकदीआधी फेरे पाहावे लागतात. मोटरीचे बेअरिंगही असा दणका सोसणारे हवे.

याहून मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. दांड्यावरची कडी सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे, असा अमेरिकेत मागे चालत ढकलण्याच्या मोअरसाठी १९८२पासून नियम आहे. बोटे आणि पाऊल तुटण्याचे अपघात टाळण्यासाठी तो आला. बहुतेक पेट्रोल मोअरमध्ये हा ब्रेक इंजिनाच्या चाकावरच बसवलेला असतो. इंजिन उतरवले, की ब्रेकही उतरतो! नुसता वीजप्रवाह तोडल्याने पाते थांबत नाही, आवाज न करता फिरत राहते. म्हणून कडी सोडताच मोटरीला ब्रेक लावणारा कंट्रोलर बसवणे आणि तीन सेकंद घड्याळ लावून तपासणे आवश्यक आहे. पात्याखाली हात घालण्याआधी बॅटरी सोडवून बाजूला ठेवायची, हा नियम तर कधीच मोडायचा नाही.

बॅटरीचे गणित सोपे आहे. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जवळपास एक युनिट वीज मावते. मोटर सरासरी एक किलोवॉट घेत असेल, तर तासाभराच्या आतच बॅटरी संपते. ओले, उंच गवत ती आणखी लवकर संपवते. प्रवाह २० अँपिअरच्या पुढे जात असल्याने बॅटरीच्या अगदी जवळ डीसीसाठीचा फ्यूज हवा. घरातल्या एसीचे बटण इथे लावू नये. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. संरक्षक सर्किट असलेली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्यातल्या त्यात सुरक्षित. चार्जर तिच्याच जातीचा हवा आणि चार्जिंग जागेपणी व्हावे.

ज्यांना हा ब्रेक जमणार नाही, त्यांनी तयार बॅटरी मोअर घेणेच शहाणपणाचे. कोकणात पावसाळ्यानंतर आंबा-काजूच्या बागांत जे पेट्रोल ब्रश कटर खांद्याला लावून चालवले जातात, त्यांच्या बाबतीत तर असा घरगुती प्रयोग नकोच. तिथे पाते उघडे असते आणि यंत्र अंगालाच बांधलेले असते. जुने यंत्र वाचवण्याचा आनंद खरा आहे, पण सगळी बोटे शाबूत असतील तरच.