सभागृह उघडले, तिजोरी मात्र बंदच
शिराळ्याचा सारा कुठे जात होता? : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण चावडीपर्यंत आलो होतो. पाटील-कुलकर्णी साऱ्याचा हप्ता वसूल करीत. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वेगळा द्यावा लागे. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातला पेटा होता. इथला पैसा साताऱ्याच्या खजिन्यात जमा होई आणि मुंबई इलाख्याच्या हिशेबात मिसळून जाई. तो कशावर खर्च करायचा, हे कोण ठरवीत होते, ते आज पाहू.

मुंबईचे कायदेमंडळ १८६२ साली सुरू झाले. जगन्नाथ शंकरशेट त्याचे सभासद होते, पण जमाखर्चाबद्दल विचारण्याची सोय तिथे नव्हती. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, मतदानाचा दिला नाही. १९०१ मध्ये जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक सरकारने बहुमताच्या जोरावर पुढे रेटले, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह काही सभासद सभात्याग करून निघून गेले. निषेधाचा याहून मोठा मार्ग त्यांच्या हाती नव्हता.

खरा बदल आला तो १९२१ मध्ये, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी. तोवर गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी बसत. आता सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले. फेब्रुवारीत बादशहाचे काका ड्यूक ऑफ कॅनॉट मुंबईत आले आणि त्यांनी नव्या कौन्सिलचे उद्घाटन केले. समारंभ थाटाचा झाला. समारंभानंतर अंदाजपत्रक आले आणि नव्या अधिकाराची खरी लांबी-रुंदी तिथेच कळली.

अर्थखाते ‘राखीव’ होते. ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातल्या सभासदाकडे असे. तो जमाखर्च मांडी, सर्वसाधारण चर्चा होई आणि मग एकेका खात्याची मागणी मताला येई. सभासदांना मागणी नाकारता येई किंवा तिच्यात कपात सुचवता येई. वाढ मात्र सुचवता येत नसे. शिराळ्याला दवाखाना हवा म्हणून एक रुपया जास्त मागण्याची सोय नव्हती, कारण नव्या खर्चाला गव्हर्नरची शिफारस लागे. कर्जावरचे व्याज, भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार, मध्यवर्ती सरकारला द्यायची वर्गणी हे सारे मतदानाच्या बाहेर होते. त्या वर्गणीचा मुंबईवरचा वार्षिक बोजा ५६ लाख रुपये ठरला होता. पोलीस किंवा महसूल अशा राखीव खात्याची मागणी सभागृहाने कापली, तरी ‘हा खर्च आवश्यक आहे’ असा दाखला देऊन गव्हर्नर ती पुन्हा पूर्ण करू शकत. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी ही खाती लोकांच्या मंत्र्यांकडे होती. साताऱ्याचे भास्करराव जाधव शिक्षणमंत्री झाले, पण शाळा वाढवायच्या तर पैसा राखीव अर्थखात्याकडूनच मागायचा. इलाख्याच्या उत्पन्नात जमीनमहसूल आणि अबकारी हे दोन मोठे आधार होते. दारूबंदी करावी तर शाळेचा पैसा आटतो, अशी ती कोंडी होती.

या सभागृहासाठी मत कोणाला होते, तेही पाहू. ग्रामीण मतदारसंघात साधारणपणे ३२ रुपये सारा भरणारा मतदार होई. डोंगराच्या उतारावर दोन-चार एकर भात आणि नाचणी पिकवणारा शिराळ्याचा कुणबी सारा नियमाने भरी, तरी मतदारयादीत त्याचे नाव येत नसे. कर त्याचा, जंगलाचे निर्बंध त्याच्यावर, गुरांच्या चराईची फी त्याला, आणि त्याबद्दल बोलायला त्याचा माणूस नाही.

म्हणून १९३० मध्ये बिळाशीत जे घडले, ते मला निव्वळ झेंड्यापुरते वाटत नाही. वारणाकाठच्या या गावाने सरकारी जंगलातले सागाचे झाड आणून गावात ध्वजस्तंभ उभारला. सप्टेंबरात पोलीस तो काढायला आले, गाव आडवे आले, गोळीबार झाला आणि माणसे बळी गेली. मुंबई इलाख्यात जंगलखाते कागदोपत्री लोकांच्या मंत्र्याकडे सोपवलेले होते. बंदूक आणि तिजोरी मात्र राखीव होती. सभागृहात ज्यांना जागा नव्हती, त्यांनी आपली हरकत अशी नोंदवली.

१९३५ च्या कायद्याने मतासाठी साऱ्याची अट ८ रुपयांवर आली. एप्रिल १९३७ मध्ये साताऱ्याचेच धनजीशहा कूपर हंगामी मुख्यमंत्री झाले. १९ जुलैला बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि तिजोरी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे, म्हणजे निवडून आलेल्या अर्थमंत्र्याकडे गेली. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी लागू झाली. बुडणाऱ्या अबकारीची भरपाई करण्यासाठी शहरी मालमत्तेवर कर बसवण्यात आला. ओझे कोणाच्या खांद्यावर टाकायचे, हे लोकांचे सरकार ठरवू लागले होते. व्याज आणि बड्या अधिकाऱ्यांचे पगार तेव्हाही मतदानाबाहेर होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

आजही वर्षाचे पहिले अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणाने उघडते, अंदाजपत्रकात ‘भारित’ (मतदानाबाहेरचा) आणि ‘दत्तमत’ (मताला येणारा) असे दोन रकाने असतात. सांगाडा जुनाच आहे, पण मत आता प्रत्येक प्रौढाला आहे. ३२ रुपयांच्या अटीने ज्यांच्या आजोबांना बाहेर ठेवले, त्यांच्या नातवंडांनी हा हक्क वाया घालवू नये. आपल्या ग्रामसभेत यंदाचा जमाखर्च मांडला जाईल, तेव्हा आवर्जून जा, वाचा आणि उभे राहून प्रश्न विचारा.