संप्रेरकांचे संशोधक – लेखांक ७ : वयाच्या उलट्या दिशेने

टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन हाती लागले, ती हकिकत मागच्या आठवड्यात झाली. मधुमेही जगू लागला. पण मधुमेह मुळात होतो का, आणि आपल्याकडे तो इतक्या कमी वयात का गाठतो, हे कोडे तसेच राहिले. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची सारी कारकीर्द या कोड्यामागे गेली. केईएम म्हटले की परळ आठवते; त्यांचे केईएम मात्र रास्ता पेठेतले.

ऑक्सफर्डला संशोधन करून ते परतले, तेव्हा पाश्चात्त्य पुस्तकांतला टाइप-२ मधुमेही म्हणजे उतारवयाचा, लठ्ठ माणूस. केईएममध्ये येणारे रुग्ण चाळिशीचे, काही त्याहून लहान आणि अंगाने बेताचे. वेलकम ट्रस्टच्या मदतीने याज्ञिकांनी त्यांची मोजमापे घेतली. वजन फारसे नाही, पण नितंबांच्या मानाने कंबरेचा घेर मोठा. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्या चांगल्याच ओळखीची; आपण तिला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुकाने मिरवतो.

पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःच्याच देहाचा दाखला दिला. शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. स्कॅनमध्ये युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, इन्सुलिनला दिसतो. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनचे ऐकू देत नाहीत, मग स्वादुपिंडाला ते जास्त स्रवावे लागते. त्यातून स्नायू कमी म्हणजे रक्तातली साखर सामावून घ्यायला जागाही कमी.

मग ही ठेवण येते कुठून? इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळून दाखवले होते, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. अनेकांनी ते उडवून लावले. बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलाइन फॉल यांच्यासोबत याज्ञिकांनी केईएममध्ये जन्मलेली मुले चौथ्या वर्षी पुन्हा तपासली. ज्यांचे जन्मवजन कमी होते, त्यांची ग्लुकोज दिल्यानंतरची साखर आणि इन्सुलिन अधिक निघाले. चाळिशीतला रुग्ण बघता बघता चार वर्षांच्या मुलापर्यंत मागे आला.

अजून मागे जायचे तर गर्भात जायला हवे होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषण अभ्यास सुरू झाला. आईचे मोजमाप गर्भ राहण्याआधी हवे, म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख नोंदवत. नव्या सुनेला सासूच्या देखत हे विचारायचे! माझ्या मते या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत अवघड काम हेच. त्याला ना यंत्र उपयोगी पडते ना अनुदान.

या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे लहान आणि कृश, हे अपेक्षितच होते. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी कॅलिपरने मोजली, तर तिथली चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुण्यातल्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतले रक्त ताडून पाहिले, तेव्हा लहानखुऱ्या पुणेकर बाळांत इन्सुलिन जास्त आढळले. म्हणजे वडापावला दोष देण्याआधीच गोष्ट सुरू झालेली असते.

आयांच्या आहाराने आणखी एक धक्का दिला. उष्मांक किंवा प्रथिने किती खाल्ली याचा बाळाच्या आकारमानाशी फारसा संबंध दिसेना. दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. नंतर साठवलेले रक्त तपासले, तर सुमारे दोन तृतीयांश आयांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध, अंडी, मांसमासळीतून आणि या घरांत ही ताटात क्वचित. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले, की गरोदरपणी ज्या आयांचे ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वाधिक अवरोध होता.

निरीक्षणातून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी २०१२ मध्ये याच मुलामुलींवर चाचणी सुरू झाली. ती आता वयात आली होती, उद्या आईबाप होणार होती. त्यांना ब-१२ रोज दिले, फक्त २ मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या कितीतरी आधीपासून. कारण गरोदर बाई दवाखान्यात नाव घालते, तोवर गर्भाची पायाभरणी बरीचशी उरकलेली असते.

आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी मिळते. गर्भाच्या मज्जारज्जूसाठी फोलेट हवेच, ते बंद करा असे कुणी म्हणत नाही. पण त्या गोळीत ब-१२ नाही, आणि ज्या देशात निम्मी ताटे जवळपास शाकाहारीच असतात तिथे ते का नसावे, हे विचारण्याइतका पुरावा पुण्याजवळच्या या सहा गावांनी कधीच पुरवला आहे.