न्यूरेंबर्गचें नाताळी बिस्किट

नाताळ जवळ आला, कीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरांत 'लेबकूखेन' नांवाच्या जाड, मसालेदार बिस्किटांचा घमघमाट सुटतो. १९९६ पासून युरोपीय कायद्यानें हें नांव राखलेलें असून शहराच्या हद्दीबाहेर भाजलेल्या मालास 'न्यूरेंबर्गी' म्हणवितां येत नाहीं. त्यांतला खानदानी प्रकार 'एलिझेन'. ह्यांत शेंकडा २५ भाग तरी बदाम, अक्रोड किंवा हेझलनट हवेत. पीठ शेंकडा १० हून अधिक चालत नाहीं. नफ्याच्या लोभानें मेवा घटवून पीठ वाढविणें सोपें, म्हणून हा निर्बंध.

मग इतक्या थोड्या पिठावर बिस्किट उभें राहतें कसें? साखर घालून फेटलेल्या अंड्यांत कुटलेला मेवा आणि संत्र्या-लिंबाच्या पाकविलेल्या साली कालवितात. मिश्रण सैल व चिकट दिसतें. नवख्या गृहिणीचा हात येथेंच पिठाच्या डब्याकडे जातो, आणि बिस्किट कोरडें होतें! जाणती मात्र तें मिश्रण कागदासारख्या पातळ, खाण्याजोग्या चकतीवर थापते, कांहीं तास सुकूं देते व मंद आंचेवर चकतीसकट भाजते. चकतीमुळें तें पत्र्यास धरत नाहीं. गाभा ओलसरच राहतो.

मसाला मराठी घरांतला नित्याचाच: दालचिनी, लवंग, वेलदोडे, जायपत्री, धने. मध्ययुगांत मलबारचे मिरे व्हेनिसमार्गें न्यूरेंबर्गास पोंचत. पूर्वेकडील साऱ्याच मसाल्यांस तेव्हां 'मिरे' म्हणत. म्हणून पूर्व जर्मनींत असल्या बिस्किटास 'मिऱ्यांचा केक' म्हणतात, आंत मिऱ्याचा दाणाहि नसला तरी.

भाजलेलीं बिस्किटें डब्यांत सफरचंदाच्या फोडीसह ठेवतात. फोड ओल देते, साखर ती धरून ठेवते. मात्र बुरशी येऊं नये म्हणून फोड दर दोन-तीन दिवसांनीं बदलावी लागते.