दहा मिनिटांचा गोंधळ

परभणी शहरातून वसमत रस्त्याने निघाले की काळी कमान लागते. तिच्या अवतीभवती चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकाने आणि खोली शोधणारे विद्यार्थी. पुढे शहर विरळ होत जाते आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर सुरू होतो. प्रक्षेत्रावरची ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन. मध्येच एखादी जुनी दगडी इमारत, वसतिगृहे, गोठे, फळबागा. हिवाळ्यात महाराष्ट्राने परभणीचे नाव ऐकलेले असते ते याच आवारामुळे. ‘परभणी गारठली’ या बातमीतला पारा विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो.

या आवाराची ओळख करून देणारे बहुतेकजण पिकांच्या वाणांवर थांबतात आणि त्यात चूक काही नाही. 18 मे 1972 रोजी दापोलीच्या बरोबरीने हे विद्यापीठ स्थापन झाले. राहुरी आणि अकोला त्याआधीच उभे राहिले होते. परभणीचे कृषी महाविद्यालय मात्र विद्यापीठाहून वयाने मोठे, 1956 सालचे. पुढे अन्नतंत्र, गृहविज्ञान, उद्यानविद्या आणि कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालये आली. 2013मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणांनी गावाचे नाव बियाण्याच्या पिशवीवर नेले. लोह आणि जस्ताचे प्रमाण वाढवलेला ‘परभणी शक्ती’ 2018 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. दर 18 मे रोजी खरीप मेळावा आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, रब्बी मेळावा भरतो. त्या दिवशी बियाणे घेण्यासाठी आठही जिल्ह्यांतून शेतकरी येतात.

मेळावे शेतकऱ्यांचे आणि परीक्षा प्राध्यापकांच्या. पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हातात असतो तो एकच सोहळा, वार्षिक स्नेहसंमेलन. मुलांच्या भाषेत, गॅदरिंग.

गॅदरिंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयात होते, मग कृषी विद्यापीठातल्या गॅदरिंगचे वेगळेपण कशात? ते एका साध्या गोष्टीत आहे. या विद्यापीठात संगीत विभाग नाही. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, कृषिविद्या असे विभाग आहेत, पण सूर लावून घेणारे गुरुजी कोणत्याच विभागात नाहीत. कला शाखेच्या महाविद्यालयात निदान संगीत विषय घेतलेली दोन-चार मुले सापडतात. इथे सकाळी शेतावर प्रात्यक्षिक करणारा मुलगाच संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर ठेका धरतो. पेटी कोणाच्या तरी घरून येते, तबला गावातल्या भजनी मंडळाकडून मागून आणलेला असतो. चाल बसवणे, आवाजांची निवड करणे, मंडपवाल्याशी घासाघीस, साऊंडवाल्याचा ॲडव्हान्स, कार्यक्रमपत्रिका, सूत्रसंचालन हे सगळे विद्यार्थीच पाहतात. सांस्कृतिक समितीचे प्राध्यापक सही करतात आणि मुलांना फार उशीर होऊ नये म्हणून मागे उभे राहतात.

शिकवणारे नाहीत म्हणून ही मुले कोरी येतात असे मात्र नाही. मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलेल्या मुलाची संगीतशाळा म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, दिवसा गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. सात दिवस टाळ हातात धरलेल्या मुलाला मात्रा मोजायला शिकवावे लागत नाही. पखवाज ऐकून ऐकून त्याच्या बोटांत उतरलेला असतो. वरची पट्टी लावून, घसा न राखता गाण्याची सवय असते. शास्त्रीय गायनाचा परीक्षक त्याला नाक मुरडतो, पण समूहगायनात हाच आवाज मंच उचलून धरतो.

हा जिल्हाच गाण्याचा आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, गोदावरीच्या काठावरचे. संत नामदेवांचे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात येते, पण 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होते. जात्यावरच्या ओवीची परंपरा तर गावोगाव. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात 1990च्या दशकात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला. पूर्णा तालुक्यातले ताडकळस या विद्यापीठापासून फार दूर नाही. शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस 2 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याला हिंदू-मुसलमान दोघांची गर्दी असते आणि गॅदरिंगमध्ये कव्वाली बसवणाऱ्या पोरांचे कान तिथेच तयार होतात.

आणि गोंधळ. परभणी हे गोंधळी परंपरेचे मोठे ठाणे. राजारामबापू कदम यांचे नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रातल्या गोंधळाविषयी बोलताच येत नाही. घरात लग्न झाले की कुलदेवतेचा गोंधळ घालायचा, ही रीत आजही आहे. पाटावर नवे वस्त्र, धान्याचा चौक, कलश आणि त्यावर उसाच्या किंवा ज्वारीच्या पाच ताटांचे मखर. ज्वारीवर संशोधन करणाऱ्या विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर ज्वारीचे ताट असे देवीच्या मांडणीत उभे असते. मग संबळ, तुणतुणे, झांज, पेटती दिवटी. आधी गण, नंतर गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचे आवतण, मग स्तवन. त्यानंतर आख्यान लागते. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून हसवतो आणि पुन्हा गाण्यावर आणतो. जोगवा आणि आरती होईपर्यंत पहाट होते.

हीच रात्रभराची गोष्ट विद्यार्थी मंचावर दहा मिनिटांत उरकतात. त्याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे.

देशातला पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव 1954 साली दिल्लीत, तालकटोरा उद्यानात झाला. तेव्हा मौलाना आझाद शिक्षणमंत्री होते. आज अखिल भारतीय विद्यापीठ संघाचे महोत्सव विभागीय आणि राष्ट्रीय पातळीवर होतात. कृषी विद्यापीठांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा ‘ॲग्री युनिफेस्ट’ असतो. राज्यात 2003पासून राजभवनाच्या पुढाकाराने ‘इंद्रधनुष्य’ भरतो. परभणीतली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली, म्हणून तिथली मुले ‘ज्ञानतीर्थ’ या युवक महोत्सवात उतरतात. म्हणजे एकाच शहरातल्या, कदाचित एकाच गल्लीतल्या दोन गायकांच्या वाटा बारावीनंतर फुटतात आणि पुन्हा गाठ पडली तर थेट राज्याच्या मंचावर.

या स्पर्धांचे नियम काटेकोर आहेत. विद्यापीठ संघाच्या भारतीय समूहगायनात सहा गायक, जास्तीत जास्त तीन साथीदार. दोन गाणी, एक देशभक्तीपर आणि एक लोकगीत. दोन्ही मिळून दहा मिनिटे. मांडामांडीला चार मिनिटे, त्यात संबळ तापवून घ्यायचे, पेटी जुळवायची, माइकची उंची ठरवायची. चित्रपटगीत चालत नाही. वेळ संपली की घंटा वाजते.

नियमांचा फायदा उघड आहे. चित्रपटगीतांना बंदी नसती तर लोकगीत शोधायला कोणी आजीकडे गेलेच नसते. देशभरातल्या विद्यापीठांना एका मापाने तोलायचे तर घड्याळ लागतेच. खेड्यातल्या मुलाला भर सभागृहात, परीक्षकांसमोर, नेमक्या वेळात गाणे संपवण्याची शिस्त लागते आणि ती पुढे कृषी अधिकारी म्हणून सभा घेताना कामी येते. पारितोषिकाचे प्रमाणपत्रही उपयोगी पडते.

पण गोंधळ दहा मिनिटांत बसवायचा म्हणजे त्यातले काय जाते ते पाहायला हवे. पहिली कात्री लागते देवतांच्या आवाहनाला, कारण परीक्षकाला ती नुसती नावांची यादी वाटते. खरे तर तो त्या भागाचा नकाशाच असतो. कोणत्या गावची देवी, कोणत्या डोंगरावरचा देव, कोणत्या घाटावरचे ठाणे, सगळे त्यात असते. मग आख्यान जाते, कारण कथेला वेळ हवा. साथीदाराचा विनोद जातो, कारण तो समोरच्या माणसांवरून ऐनवेळी सुचतो आणि तालमीत बसवता येत नाही. उरतो संबळाचा कडकडाट, जोगव्याची एक चाल आणि रंगीत पोशाख. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या खोट्या नसतात, पण त्या गोंधळाला नसतात. त्या वेगाला असतात.

भारूड, पोवाडा, वासुदेव यांचेही तसेच. वर्षानुवर्षे स्पर्धेसाठी बसवलेले लोकगीत मग लग्नात, वरातीत, मोबाइलवर फिरते आणि पुढच्या पिढीला तेच मूळ वाटू लागते. संकरित बियाण्याबरोबर गावरान वाणही राखून ठेवावे लागते, हे कृषीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून गॅदरिंगचे मोल. ती विद्यार्थ्यांची स्वतःची रात्र आहे. तिथे घंटा वाजवणारा परीक्षक नसतो. कार्यक्रम किती मिनिटांचा हे समितीतली पाच-सहा मुले ठरवतात. असे असूनही बहुतेक ठिकाणी गॅदरिंग स्पर्धेचीच नक्कल होऊन बसते. पाच-पाच मिनिटांचे चाळीस प्रवेश, त्यातले तीस रेकॉर्डेड गाण्यांवरचे नाच. सगळ्यांना संधी मिळाली पाहिजे हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण एका सत्राला, एका तासाला तरी घड्याळातून सूट देता येते.

हे जमते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ‘इंडियन म्युझिक ग्रुप’ या विद्यार्थ्यांच्या मंडळाने 1970च्या दशकात शास्त्रीय संगीताचा ‘जनफेस्ट’ सुरू केला. दर जानेवारीत महाविद्यालयाच्या चौकात, उघड्यावर बैठक भरते. कलाकारांना बोलावण्यापासून सतरंज्या घालण्यापर्यंतची कामे विद्यार्थी करतात. त्या महाविद्यालयातही ही मुले शिकतात ते अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र. दर तीन वर्षांनी संयोजकांची फळी पूर्ण बदलते आणि तरीही महोत्सव पाच दशके टिकला. टिकण्याचे कारण एकच दिसते. त्यांनी एक गोष्ट निवडली आणि ती पूर्ण लांबीची ऐकवली.

परभणीला शास्त्रीय बैठकीची नक्कल करण्याची गरज नाही. इथे गोंधळ आहे, भारूड आहे, ओवी आहे, कव्वाली आहे. अडचणी आहेत, त्याही सांगायला हव्यात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे पहाटेपर्यंतचा गोंधळ मंडपात होणार नाही. पण संध्याकाळी सहाला सुरू केले तर दहापर्यंत चार तास मिळतात. पैशाचा प्रश्न डीजेच्या भाड्यापेक्षा मोठा नाही.

दुसरी गोष्ट कृषीच्या मुलांनाच शक्य आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. विद्यार्थी गटागटाने खेड्यात राहतात, शेतकऱ्यांच्या घरी जातात, गावाची माहिती भरतात: क्षेत्र, पिके, विहिरी, जनावरे. त्याच वहीत आणखी एक पान वाढवता येईल. गावात गोंधळी कोण, भारूड कोण करते, ओव्या कोणत्या आजीला येतात, भजनी मंडळात पखवाज कोणाकडे आहे. दरवर्षी नव्या गावांची पाने जमली तर काही वर्षांत जिल्ह्याच्या गाण्याची नोंदवही तयार होईल. गॅदरिंगला कोणाला बोलवायचे हा प्रश्नही सुटेल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना त्या कलाकाराची परवानगी घ्यावी, नाव लिहावे आणि मंचावर बोलावले तर मानधन द्यावे, एवढे पथ्य पुरे.

परभणीला जायचे तर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे मोठे स्थानक आहे. परळीकडे जाणारा फाटाही इथूनच निघतो. बियाणे आणि पिके पाहायची असतील तर 18 मे किंवा 17 सप्टेंबरचा मेळावा गाठावा. गाणे ऐकायचे असेल तर थंडीच्या दिवसांत यावे. वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या गॅदरिंगच्या तारखा वेगवेगळ्या असतात. ओळखीच्या विद्यार्थ्याला विचारून घ्याव्यात. आणि या विद्यापीठातून पदवी घेऊन गेलेल्यांनी, मग ते मंत्रालयात असोत की बियाणे कंपनीत, यंदा आपल्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीला वर्गणी पाठवताना एक अट घालावी. कार्यक्रमपत्रिकेत एक तास आपल्या जिल्ह्याच्या गाण्याचा, आणि त्या तासात घंटा वाजवायची नाही.