ऑपेरा निवडावा कसा?

पाश्चात्त्य संगीताच्या विद्यार्थ्यावर सत्राअखेरीस एखाद्या रोमँटिक ऑपेऱ्यावर निबंध लिहिण्याचा प्रसंग आला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम कीर्तीकडे वळते. परंतु कृतीची थोरवी आणि निबंधासाठी तिची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी होत. वाग्नरची ‘निबेलुंगांची अंगठी’ चार रात्रींत मिळून सुमारे पंधरा तास चालते, आणि तिच्या कथानकाचा खुलासा करता करताच निबंधाची पाने संपून जातात. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दि लामेरमूर’मधील (१८३५) उन्मादप्रवेश विलक्षण खरा, पण इटालियन कंठसाधनेची जाण असल्यावाचून त्यावर अधिकाराने लिहिता येत नाही.

म्हणून माझा कौल कार्ल मारिआ फोन वेबरच्या ‘देर फ्रायशुट्स’ला आहे. १८ जून १८२१ रोजी बर्लिनमध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या या कृतीस तिच्या कर्त्यांनीच ‘रोमँटिक ऑपेरा’ म्हटले असल्याने तिचे रोमँटिकपण सिद्ध करण्याची यातायात उरत नाही. बोहेमियातील वनखात्याचा उमेदवार माक्स याला निशाणबाजीच्या कसोटीस उतरल्याखेरीज वनाधिकाऱ्याची कन्या आगाथे मिळणार नाही, आणि पुढे तिच्या पित्याची जागाही मिळणार नाही. आत्मविश्वास गमावलेल्या त्या तरुणास त्याचा सहकारी कास्पार मध्यरात्री लांडग्याच्या दरीत बोलावतो व तेथे सात मंतरलेल्या गोळ्या ओततो. पहिल्या सहा नेमबाजाच्या इच्छेप्रमाणे जातात, सातवी मात्र सामिएल या पिशाच्चाच्या हुकमतीत असते.

निबंधाचे खरे घबाड या दरीतच आहे. सामिएल गात नाही, तो केवळ बोलतो. ज्या रंगभूमीवर इतर सारे गातात, तेथे गाण्यास नकार देणारे पात्रच मानवी सृष्टीबाहेरचे भासते. तो येतो तेव्हा एफ-शार्प, ए, सी आणि ई-फ्लॅट या स्वरांची अस्थिर संहती वाद्यवृंदात घुमते. प्रवेश एफ-शार्प मायनरमध्ये आरंभ होऊन तेथेच संपतो, आणि मध्ये सी मायनर येतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे अंतर षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधले. भीतीचे वर्णन शब्दांनी न करता स्वररचनेनेच कसे केले आहे, याचा असा स्पष्ट दाखला एका प्रवेशात क्वचितच सापडतो.

या कृतीतील गद्य संवादांवरही विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकास गद्य-पद्यांचे असे सहजीवन नवे नाही, पॅरिसच्या ऑपेरागृहाचा दंडक मात्र सारे काही गायिलेच पाहिजे असा होता, म्हणून १८४१ साली बर्लिओझने त्या संवादांच्या जागी गेय निवेदने रचली. शिवाय किंट या संहिताकाराने ज्या भूतकथेचा आधार घेतला तीत वधू प्राणास मुकते, तर ऑपेऱ्यात ती वाचते व साधूच्या मध्यस्थीने माक्सला एका वर्षाची मुदत मिळते.

तात्पर्य, निबंधाचा मसुदा करण्यापूर्वी ऑपेऱ्यातून एकच प्रवेश निवडावा, त्यास एकच प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर स्वरलिपीत बोट ठेवून दाखविता येते की नाही हे पाहावे. येत नसेल, तर ऑपेरा कितीही प्रिय असो, तो ऐकण्यासाठी ठेवावा आणि लिहिण्यासाठी दुसरा शोधावा.