धसका घेतलेले मूल आणि आपण

धसका हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पुराचे पाणी घरात शिरले, आग लागली, घरातले कोणी डोळ्यांदेखत गेले, की चार दिवसांनी आजी म्हणते, "पोरानं धसका घेतलाय, त्याला एकटं निजवू नका." ह्या एका वाक्यात निदानही आले आणि निम्मा उपचारही आला. मानसशास्त्र ज्याला मनावरचा आघात म्हणते, तो बहुतांशी हाच. आजीला हे घरापुरते ठाऊक होते. शाळा, दवाखाना, पोलिस ठाणे आणि कचेरी ह्यांनाही ते ठाऊक असावे, आणि त्यांचे रोजचे नियमच तसे बांधलेले असावेत, असे आता जाणकार सांगतात. त्याविषयी आज थोडे बोलू.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. एखादा बैल मोरीवर घसरून पडला, तर पुढे त्या मोरीपाशी आला की थबकतो, कान टवकारतो, मागे सरतो. अडाणी गडी त्याला पराणी टोचतो. जाणता शेतकरी गाडीखाली उतरतो, कासरा हाती घेतो, पाठीवर थाप देतो, नाव घेऊन बोलतो आणि त्याच्याच चालीने त्याला मोरी पार करवतो. बैल नाठाळ नाही, बुजलेला आहे, हे त्याने ओळखलेले असते. जनावराच्या बाबतीत आपण हे सहज ओळखतो. पोराच्या बाबतीत मात्र पराणीच आधी हाती येते.

बुजणे म्हणजे शरीरात काय होते? संकट आले की छाती धडधडते, अंग ताठते, झोप उडते. पळायची किंवा झुंजायची ती तयारी असते. संकट सरले की ती उतरते. पण संकट फार मोठे असले, किंवा रोजचेच असले, म्हणजे बाप रोज रात्री पिऊन येऊन भांडी फेकीत असला, तर ती तयारी उतरतच नाही. मूल वर्गात बसलेले असते आणि त्याचा मेंदू पहाऱ्यावर उभा असतो. पहारेकऱ्याला पाढे कसे पाठ व्हावेत? मग कोणी दार आपटले की ते दचकते, खांद्यावर हात ठेवला तर उसळून अंगावर येते. पाचवीतला मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो. कोणी भर वर्गात पेंगते, कारण रात्र त्याने जागून काढलेली असते. कोणी अगदी गप्प होते. आणि शेरा पडतो तो 'लक्ष नाही', 'उद्धट', 'आळशी' असा. "ह्या पोराचं काय बिघडलंय?" असे आपण विचारतो. "ह्याच्यावर काय गुदरलंय?" असे विचारले, की त्याच वागण्याचा अर्थ निराळा लागतो आणि आपले पुढचे पाऊलही निराळे पडते.

आपल्या महाराष्ट्राला हे फार मोठ्या किमतीने शिकावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला चार मिनिटे होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे नुकती निजली होती. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ते कोसळले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. मागे राहिलेल्या मुलांना घर हीच वैऱ्याची जागा झाली. धरणी पुढेही हादरे देत होती आणि माणसे आकाशाखाली निजत होती. अशा वेळी 'छपराखाली जायचे नाही' म्हणून रडणारे मूल हट्टी नसते. त्याच्या अनुभवाने त्याला तेच शिकवलेले असते.

त्या पुनर्वसनातली एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. पूर्ण मोडलेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले. पण घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला आणि तीन प्रकारची घरे वेगवेगळ्या भागांत आली. त्यामुळे जुन्या गल्ल्या विस्कटल्या. आई गेलेल्या मुलाला शेजारची काकू तरी उरली होती, तीही आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आखणी करणाऱ्याच्या कागदावर 'शेजार' नावाचा रकानाच नव्हता, इतकेच. भिंती कुठे बांधायच्या ह्या निर्णयाशी मुलांच्या मनाचा संबंध असतो, हे ध्यानात धरून काम करणे ह्यालाच व्यवस्थेत शहाणपण बांधणे म्हणायचे.

मुलाला सर्वांत अधिक काय मोडते, ह्याचा एक अनुभव दुसऱ्या महायुद्धात लंडनला आला. व्हिएन्ना सोडून १९३८ साली इंग्लंडला आलेल्या ॲना फ्रॉइड ह्या बाईंनी डोरोथी बर्लिंगहॅम ह्यांच्यासह हॅम्पस्टेड भागात युद्धातल्या मुलांसाठी बालगृहे चालवली. बाहेर बाँब पडत होते. पण त्यांना असे आढळले, की आई किंवा ओळखीचे माणूस कुशीत घेऊन धीराने बसले असेल तर मूल बाँबचा मारा बरेच सोसते. माणसापासून तुटणे ते सोसू शकत नाही. सुरुवातीला तिथे सगळ्या दाया मिळून सगळी मुले सांभाळीत. पुढे त्यांनी चार-पाच मुलांमागे एक बाई, अशी लहान लहान 'कुटुंबे' पाडली. प्रथम गोंधळ उडाला. मुले आपापल्या बाईसाठी भांडू लागली, ती क्षणभर दृष्टीआड झाली की रडू लागली. बघणाऱ्याला वाटावे, हे तर बिघडले! पण थोड्याच अवधीत मुले स्थिरावली, बोलू लागली, अंगावरच्या सवयी सुधारल्या. रडणे हे ओढ लागल्याचे लक्षण होते. हर्मान ग्माइनर ह्यांनी १९४९ साली ऑस्ट्रियात अनाथ मुलांसाठी बालग्राम उभारले, तेही 'एका घराला एक आई' ह्याच तत्त्वावर. भूकंपानंतर लातूरलाही तसे बालग्राम झाले.

गप्प मुलाविषयी आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या काळी इंग्लंडातल्या कित्येक इस्पितळांत आजारी मुलाला आईबापांनी भेटायचे ते ठराविक वेळी, कुठे कुठे आठवड्यातून एकदाच. आई आली की मूल रडते, म्हणून भेटच नको, असा हिशेब. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी १९५२ साली एक चित्रपट दाखवला. अडीच वर्षांची मुलगी, लहानशी शस्त्रक्रिया, आठ दिवस इस्पितळात. ती फार रडत नाही. पण तिचा चेहरा उतरत जातो आणि शेवटी आईशीही ती परक्यासारखी वागू लागते. पाहणारे कित्येक डॉक्टर चिडले, 'आमची मुले तर शांत असतात' म्हणाले. शांतपणा म्हणजे बरे वाटणे नव्हे, हेच तर चित्रपट दाखवीत होता! १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समितीने, आईबापांना मुलापाशी येऊ द्यावे, लहान मुलाच्या आईला राहूही द्यावे, अशी शिफारस केली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात खाटेखाली आई चटई टाकून निजते, तिला अडाणीपणा समजून हाकलू पाहणाऱ्या शिकलेल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, कारण तिथे ही समज नियमांत उतरलेली दिसते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, पोक्सो म्हणून ओळखला जाणारा, २०१२ चा कायदा घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा. होता होईल तो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा. अंगावर गणवेश नको. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. आरोपी त्याच्या दृष्टीस पडू द्यायचा नाही. न्यायालयात साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलवायचे नाही आणि मध्ये विसावा द्यायचा. खाकी कपडा पाहून ज्या मुलाची वाचा बसते, त्याच्यासाठी साधी साडी नेसून आलेली बाई हाच निम्मा न्याय असतो. अशा गुन्ह्याची माहिती असून ती न कळवणे हाही ह्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा 'गावाची अब्रू' म्हणून प्रकरण पाटलाच्या ओट्यावर मिटवू नये.

पण कायद्याने सांगितलेला हा 'पुन्हा पुन्हा नको'चा नियम एका खटल्यापुरता राहिला, आणि इथेच मला फार खटकते. कर्जापायी बापाने जीव दिला, की त्या घरी कोण कोण येते ते आठवा. तलाठी येतो, पोलिस येतात, पुढारी येतात, वर्तमानपत्रवाले येतात, मदत देणाऱ्या संस्था येतात. प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं? आधी कोणी पाहिलं?" आणि आधी पाहिलेले असते ते शाळेतून आलेल्या पोरानेच. दहा वेळा तेच सांगताना ते दहा वेळा त्याच दारात उभे राहते. वर धनादेशासोबत फोटो! मदत जरूर द्यावी. पण हकीकत एकदा, एकाने, मुलाच्या ओळखीच्या माणसाच्या सोबतीने ऐकावी आणि लिहून ठेवावी. बाकीच्यांनी ती वाचावी. ह्याला नवा पैसा लागत नाही. ग्रामसेवक, गुरुजी आणि आशाताई एकत्र बसल्या, तर गावात हे उद्या होऊ शकते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे डॉक्टर होण्याची अपेक्षा नाही. धसक्यावर शाळेचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे तिचे वेळापत्रक. ज्याच्या घरी काहीच ठरलेले उरले नाही, त्याला प्रार्थनेची घंटा, तिसऱ्या तासाचे गणित आणि दुपारची खिचडी हा आधार असतो. ते मोडायचे असेल तर आधी सांगा: "उद्या मी नाही, उद्या जाधवबाई येतील." बंदुकीच्या बारासारखा फटाका वाजणार असेल, इमारत रिकामी करण्याचा सराव असेल, तरी आधी सांगा. मागून येऊन पाठीत थाप देऊ नका, समोरून या. सगळ्या वर्गादेखत "बिचाऱ्याचे वडील गेले" असे म्हणून त्याला वेगळे काढू नका. आणि 'तू बोललंच पाहिजेस' असा आग्रहही धरू नका. बळेबळे बोलायला लावल्याने उपकार होत नाही. बोलले तर ऐका, नाही बोलले तर फळा पुसायला बोलवा, चित्राचा कागद द्या, जवळ राहू द्या. छडीविषयी वेगळे सांगायला नको. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोन्हींना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. ऊसतोडीला आईबाप गेले की मागे राहिलेली पोरे सहा-सहा महिने आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांनाही वसतिगृहात एक ठरलेले माणूस हवे, आणि कारखान्यावरून आईचा फोन ठरल्या दिवशी यायला हवा.

बहुतेक मुले घरच्या मायेने आणि ठरल्या दिनक्रमाने सावरतात. पण महिना उलटला तरी रात्री किंचाळून उठणे, जेवण तुटणे, शाळेकडे फिरकू न शकणे चालूच असेल, किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर वाट पाहू नये; मरणाची भाषा असेल तर महिनाही थांबू नये. अंगारा लावल्याने कोणाचे बिघडत नाही, पण भूत काढायच्या नावाखाली मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आधीच बुजलेल्या पोराला ते आणखी बुजवते. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथले उपचार म्हणजे बहुधा खेळातून, चित्रांतून, बोलण्यातून भीतीच्या जागेपाशी हळूहळू नेऊन आणणे. गोळीनेच सुरुवात होते असे नाही. शाळेत बालकांच्या तपासणीचे सरकारी पथक येते, ते डोळे, दात, कान, हृदय तपासते. मुलावर काय गुदरले आहे, हे मात्र त्या डॉक्टरांना तुम्ही बाजूला घेऊन सांगितल्याखेरीज कळायचे नाही. मुलाच्या समोर सांगू नका, आणि वर्गात नाव पुकारून त्याला उठवू नका.

मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८. हा दुसरा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर मुलांच्या उंचीला, खाली लिहावा. हेडमास्तरांच्या खोलीत लिहिलेला तो पुष्कळ ठिकाणी दिसतो, पण ज्याला तो लागणार ते पोर तिथे कधी जात नाही.