बाप शाळेत आला म्हणजे



कन्हेरीसारख्या गावातून एस.टी.ने बारामतीला शिकायला जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. वडील शाळेच्या दारात आले आहेत. धोतराला उसातला चिखल, बोलण्यात 'व्हय' आणि 'न्हाय'. सोबती विचारतो, "कोण रे हे?" मुलगा म्हणून जातो, "आमच्या गावचे आहेत." बापाने ते ऐकलेले असते. घरी तो काही बोलत नाही, पण पुन्हा शाळेकडे फिरकत नाही.

लगेच 'पोरगं माजलं' म्हणू नका. या वयात मुलाला वाटते, सारे जग आपल्याकडेच बघत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटले. तंबू रिकामा, पण पोराला फड भरलेला दिसतो! डॉक्टरच्या मुलालाही हे चुकत नाही.

आपल्याकडे मात्र त्यात शाळेची भर पडते. 'शिक, नाहीतर ढोरं राखशील,' हे वर्गात किती सहज बोलले जाते! अहो, ढोरं राखणारा त्याचा बापच असतो ना? मग पोराने काय समजावे?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली. शिकणाऱ्याच्या हाताला माती लागली म्हणून कमीपणा येत नाही, हे तिथे कामातूनच कळत असे.

फलटणकडच्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले. टोपल्या विणणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातले हे आत्मकथन. पोराला शाळेत घालायचा हट्ट बापाचा, तोही जातभाईंचा विरोध पत्करून. दहावीच्या वर्गात यातली काही पाने जरूर वाचून दाखवा.

आणखी एक करता येईल. नीरा डाव्या कालव्याखालच्या गावात पाण्याची पाळी आली, की मुलाला एक रात्र बापाबरोबर दारं धरायला पाठवा. एक सरी भरायला किती वेळ लागतो? काळ्या रानात पाणी किती टिकते, मुरमाडात किती? कोणते दार कधी मोडायचे? हे सारे बाप अंधारात, नुसत्या पाण्याच्या आवाजावरून सांगतो. मुलाने ते वहीत उतरवावे. दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांवर गणिताचा तास घ्या. वहीत नाही बसले, तर बापालाच वर्गात बोलवा आणि बसायला खुर्ची द्या. मुलींच्या आयांनाही बोलवा. बियाणे निवडून राखण्याचे ज्ञान बहुधा त्यांच्याचपाशी असते.

वेळ मात्र त्यांना विचारूनच ठरवा. पाळी चालू असली तर ते यायचे नाहीत.